चक्कीच्या पोटातली ओळ

“अबे, हे अजून जिवंत हाय?”

राजकुमारने पाठीवरची बॅग उतरवायच्या आधीच आसिमच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्यात डोके घातले होते. पडद्यावर पांढरी देवनागरी अक्षरे एकाखाली एक उभी होती. मांग वजन. मांग फॅट. असन तं. नाईतं. सांग.

“जिवंत म्हंजे? रोज काम करते ते,” आसिम म्हणाला. “बस ना. उभ्या उभ्या भूत पाह्यल्यावानी काऊन करून राह्यला?”

“भूतच हाय ते. मले वाटलं तू आता दुसरं काही वापरत असशीन. दुनिया कुठच्या कुठं गेली, अन् तू बसला चक्कीतच दळत.”

“आपल्या धाड गावाले तेवढं पीठ पुरते.”

राजकुमार खुर्चीत कोसळल्यासारखा बसला आणि हसला. ते हसणे जुने होते. त्याच्या भोवतीचा चेहरा मात्र आता पुण्याचा झाला होता, नीट दाढी केलेला आणि झोप न झालेला. वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी तो गावाकडे निघाला होता. त्याच्या गावाची काळीपिवळी जीप भरायला वेळ होता, आणि धाडच्या बसस्टँडसमोर आसिमचे हे दुकान होते : झेरॉक्स, फोटो, सातबाराचे उतारे, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर हा संगणक.

चक्की त्या दोघांची होती. बुलढाण्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून त्यांनी हा कंपायलर रचला होता. माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राला कळतील अशा आकड्यांत दळून देणे, एवढेच कंपायलरचे काम. म्हणून नाव चक्की. आज्ञांचे शब्द मात्र त्यांनी इंग्रजीतले घेतले नाहीत. वसतिगृहाच्या गच्चीवर, घाटाकडून येणाऱ्या वाऱ्यात बसून, घरी जे बोलतात तेच त्यांनी यंत्राच्या तोंडी घातले. मार्गदर्शक सर वैतागले होते, “निदान शुद्ध मराठी तरी लिहा रे!” पण यंत्राला शुद्ध-अशुद्ध कळत नव्हते. ते ‘असन तं’ला तितक्याच इमानाने मानत होते. पदवी मिळाली. राजकुमार घाट उतरून गेला तो गेलाच. आसिम धाडला परतला आणि मग जे जे काम आले ते त्याने चक्कीतच दळले : दूध डेअरीचे मोजमाप, खत-बियाण्यांच्या दुकानातला साठा, जिनिंगमधल्या कापसाचे वजन, शाळेची हजेरी, मशिदीतला नमाजाच्या वेळांचा फलक. यातले एकही काम मोठे नव्हते. एकही कधी अडून बसले नाही.

“शेवटची ओळ अजून खाते का बे?” राजकुमारने विचारले.

“खाते.”

“शरम वाटते यार मले. आपल्या हातचं पह्यलं काम, अन् त्याले भोक.”

“कोणाचं काय बिघडलं त्या भोकानं?”

चक्कीची ती खोड जन्माची होती. प्रोग्राम कितीही लांब असो, त्याची अखेरची ओळ ती गिळून टाकी. वाची, दळून घेई, पण बाहेर सोडीत नसे. प्रकल्प सादर करण्याची घाई होती म्हणून त्यांनी दोष शोधण्याऐवजी एक रीत पाडली : काम संपले की खाली एक फालतू ओळ लिहायची आणि ती चक्कीला सोडून द्यायची. पिठाच्या गिरणीतसुद्धा प्रत्येकाच्या दळणातले चिमूटभर पीठ जात्याच्या पोटात राहतेच, असे राजकुमार तेव्हा म्हणाला होता. त्या फालतू ओळीत ते प्राचार्यांना शिव्या लिहीत आणि परीक्षकांसमोर गंभीर चेहऱ्याने उभे राहत.

“तू आता काय लिहितं तिथं? अजून प्राचार्याच्याच नावानं चालू हाय का?”

“काईबी लिहितो,” आसिम म्हणाला, आणि चहा सांगायला बाहेर गेला.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको शाइस्ता गेली. साधा वाटणारा ताप. आठवडाभर अंगावर काढलेला. संभाजीनगरला नेताना जीपमध्येच तिची मान त्याच्या मांडीवर जड झाली. त्यानंतर तो तिच्यासाठी दुआ मागत आला होता, पाचही वेळा. पण दुआमध्ये मागायचे असते. साध्या बातम्या सांगायला तिथे जागा नसते. आणि शाइस्ताशी त्याचे सगळे बोलणे बातम्यांचेच होते. नळ आला. कोथिंबीर स्वस्त झाली. अमक्याच्या पोरीचे जमले. एका दुपारी जिनिंगचा प्रोग्राम संपवून अखेरच्या फालतू ओळीशी त्याची बोटे थांबली आणि त्याने लिहिले : सांग “शाइस्ता, आज नळ आला होता.” कळ दाबली. चक्कीने ओळ गिळली. कुणी ऐकले नाही, आणि सांगून झाले.

तेव्हापासून तो तिथेच बोलत आला. घरात तिच्याशी तो कधी मराठीत बोलला नव्हता. त्यांची बोली दखनी, अम्मीकडून आलेली. चक्कीवर मात्र त्याच्या बोटांना मराठीच सवयीची होती. त्यामुळे मेल्यानंतर शाइस्ता त्याच्याकडून मराठी ऐकणारी झाली होती, थोडी परकी, थोडी अदबशीर, दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून गेल्यासारखी. त्याची हरकत नव्हती. एवढे तरी होते.

जुम्म्याची अजान झाली तेव्हा दोघांचे चहाचे कप अर्धे होते.

“तू जाय,” राजकुमार म्हणाला. “दुकानावर म्या बसतो. झेरॉक्स काढता येते मले, येवढा काई बिघडलो नाई.”

“दोन्ही बाजूनं काढता येते का?”

“जाय बे!”

आसिम मशिदीत नमाजाच्या रांगेत उभा होता, त्या वेळात राजकुमारने चक्कीचे मूळ काम उघडले. दुसऱ्यांच्या कामातली भोके शोधणे हीच पुण्यात त्याची नोकरी होती. स्वतःच्या तारुण्यातले भोक त्याला पानभर वाचण्याआधीच दिसले. ओळी मोजताना एका जागी त्यांनी शून्यापासून सुरुवात केली होती आणि दुसऱ्या जागी एकापासून. त्या दोन मोजण्यांच्या फटीतून शेवटची ओळ आजवर खाली पडत होती. त्याने एक अंक बदलला. चक्की नव्याने बांधली. दोन ओळींचा एक प्रोग्राम लिहून पाहिला. दोन्ही ओळी बाहेर आल्या. तो एकटाच हसला आणि ती दोन ओळींची चाचणी पुसून पडदा होता तसा करून ठेवला. सांगायचे नाही, असे त्याने ठरवले. एखाद्या दिवशी आसिमच्या आपोआप ध्यानात येईल, आणि मग तो फोन करून शिव्या देईल. मित्राच्या घरून रिकाम्या हाताने निघू नये, एवढेच त्याच्या मनात होते.

आसिम परतला तेव्हा बाहेर काळीपिवळीचा ड्रायव्हर राजकुमारच्या गावाच्या नावाने ओरडत होता. दोघे घाईने गळ्यात पडले.

“येत जाय ना बे,” आसिम म्हणाला.

“येतो. आता बाप नाई तं गावाले येणंच होत नाई.” आणि मग चालत्या जीपच्या दारातून, “काई अडलं तं फोन कर!”

अडले काही नव्हते. डेअरीचे सचिव भगवंतराव यांनी गाईचे आणि म्हशीचे दूध डेअरीबाहेरच्या दिव्यांच्या बोर्डावर वेगळे दाखवायला सांगितले होते, तेवढा बदल करायचा होता. आसिमने तो केला. खाली आला. अखेरच्या ओळीशी थांबला. त्या सकाळी शाइस्ताची बकरी व्याली होती, तीच, एका कानावर पांढरा ठिपका असलेली. पिलू म्हणून आणून शाइस्ताने जिला बाटलीने दूध पाजले होते. त्याने लिहिले : सांग “शाइस्ता, तुझी बकरी व्याली. दोन पिलं. नावं ठेवली नाहीत, तू ठेवायचीस.” कळ दाबली. मग संध्याकाळचे संकलन आटोपल्यावर डेअरीत जाऊन नवा प्रोग्राम चढवून आला. वीज गेलेली होती. संगणक इन्व्हर्टरवर चालला, बाहेरचा बोर्ड काळा होता. वजन आले, फॅट आली. तो घरी गेला.

सकाळी फोन भगवंतरावांचा.

“आसिमभाई, जरा येता का डेअरीवर?”

“बंद पडलं का?”

“नाई, नाई. बंद काई पडलं नाई. वजन बरोबर, फॅट बरोबर.” भगवंतरावांनी आवाज उतरवला. “पण तुमी या.”

डेअरीसमोर नेहमीची रांग होती. डबे, कॅन, बादल्या, थंडीने गोठलेले हात आणि तोंडांतून निघणारी वाफ. बोर्डावर लाल अक्षरांत नाव यायचे, मग दूध गाईचे की म्हशीचे ते, वजन, फॅट. आणि त्यानंतर, पुढच्या माणसाचा डबा काट्यावर चढेपर्यंत, उजवीकडून डावीकडे सावकाश सरकत जायची ती ओळ.

आसिम सायकल हातात धरून उभा राहिला. शब्द त्याचेच होते. पण त्याने ते टिचभर लिहिले होते. इथे ते वीतभर उंच होते आणि भर सकाळी पेटले होते.

“पिलं पाटी हायत का बोकड?” रांगेतल्या एकाने त्याला विचारले. प्रश्नात चेष्टा नव्हती. ती जनावरे पाळणाऱ्याची खरी चौकशी होती.

“दोन्ही पाटी,” आसिम कसाबसा म्हणाला.

“मंग चांगलं झालं. एका वेतात दोन पाटी म्हंजे—”

“भाभी तिकडून वाचून राह्यली असन का हो बोर्ड?” मागून एका तरण्या पोराने आवाज टाकला, आणि दोघेतिघे हसले.

रांगेत पुढे उभा असलेला कारभारी नावाचा म्हातारा वळला. “तुही बुडी आजी गेली तवा तू महिनाभर तिच्या रिकाम्या बाजेसंग बोलत होता. म्या भिंतीपलीकडून ऐकलं हाय. सांगू का सगळ्याईले, काय बोलत होता ते?”

पोरगा खाली पाहू लागला. कुणी मग हसले नाही, आणि ते न हसणे आसिमला अधिक जड गेले.

भगवंतराव दारात आले. हलक्या आवाजात म्हणाले, “म्या बंद करत होतो बोर्ड. मंग वाटलं, आपण काऊन हात लावा. तुमचं हाय, तुमीच...”

आसिमने भिंतीवरची वायर ओढली. ओळ मधेच तुटली, ‘नावं ठेवली’ इथे. भगवंतराव काट्याजवळ जाऊन वजन आणि फॅट मोठ्याने सांगू लागले, आणि रांग पुढे सरकली.

दुकानात येऊन त्याने राजकुमारला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आणि पाहुण्यांचा आवाज होता.

“पाह्यलं का?” राजकुमार आनंदाने ओरडला. “अबे, एका अंकाचा सवाल होता! येवढे वर्ष आपण—”

“राजा, त्या ओळीत म्या शाइस्ताशी बोलत होतो.”

भांडी वाजत राहिली. मग राजकुमार कुठेतरी बाहेर आला असावा, आवाज थांबले.

“मले काय मालूम,” तो म्हणाला. “तू तं म्हणला काईबी लिहितो म्हणून. आसिम, मले खरंच...” आणि मग, दुरुस्ती हाच ज्याचा धंदा त्या माणसाच्या घाईने, “उलटं करून देतो. फोनवरच सांगतो, एक मिनिट लागते. जसं होतं तसं खाईन परत.”

“नको.”

“काऊन नको?”

 आसिमला जे वाटत होते ते त्याच्या दोन्ही बोलींत नीट बसत नव्हते.

“आधी ते आपोआप खात होतं,” तो म्हणाला. “तिच्याशी बोललेलं कुठं जाते ते मलेबी मालूम नव्हतं. आता म्या सांगीन ‘खाय’, अन् ते खाईन. मंग ते म्याच फेकल्यासारखं झालं ना, राजा.”

त्याने मोकळ्या हाताने संगणक सुरू केला.

“तुयी चूक नाई,” आसिम म्हणाला. “तू दुरुस्तच केलं. जेवणं व्हायची असतीन तुमची. ठेवतो.”

चक्की आता एकही ओळ सोडणार नव्हती. जुने दळून ठेवलेले प्रोग्राम मुके होते आणि मुकेच राहिले असते. पण त्यातल्या एकालाही पुन्हा हात लावला की त्याखालचे सगळे बोलून बसणार. उद्या खतांच्या दुकानात, परवा शाळेत. म्हणून त्याने दुकानाचे दार लोटून घेतले आणि एकेक काम उघडू लागला.

खत-बियाण्यांच्या साठ्याखाली होते : “शाइस्ता, मेथी लावली होती, शेजारच्या कोंबड्यांनी खाल्ली.” त्याने ती पुसली. शाळेच्या हजेरीखाली होते : “शाइस्ता, तुझा चष्मा सापडला. पिठाच्या डब्यामागे होता.” तीही पुसली. कुठली ओळ कुठे लिहिली होती हे त्याला आठवत नव्हते. कुणाच्या तरी धान्याची, कुणाच्या तरी कापसाची गणिते ओलांडत तो खाली जाई आणि ती तिथे बसलेली असे, जेवणासाठी थांबल्यासारखी. जिनिंगचा प्रोग्राम त्याने मध्ये एकदा बदलला होता. नळाची ओळ जाऊन तिथे दुसरी आली होती. “शाइस्ता, आज तुझा आवाज आठवेना. खोकला आठवला.” इथे त्याचे बोट काही काळ कळीवर नुसते टेकून राहिले.

एका कागदावर उतरवून ठेवावे, असे त्याच्या मनात आले. पण कागद म्हटला की तो कधीतरी कुणीतरी उघडणारच, निदान तो स्वतः. आणि या ओळी वाचण्यासाठी लिहिलेल्या नव्हत्याच. त्याने ती ओळही पुसली.

मशिदीच्या फलकाखाली सगळ्यात अलीकडची होती, बकरीच्या आधीची. “शाइस्ता, काही नाही.” एवढेच. ते लिहिले तो दिवस त्याला आठवेना. काही नसतानाही तो तिच्याकडे गेला होता आणि तसे तिला सांगून आला होता. ती पुसताना त्याला वाटले, आपण कुणाच्या तरी घरातला शेवटचा दिवा मालवून कडी लावतो आहोत, आणि आतले माणूस अजून आतच आहे.

दुपार कलली. ज्या रस्त्याने शाइस्ताची जीप गेली होती त्याच रस्त्यावर तुरीच्या फुलांचा पिवळा रंग मळत चालला होता. बंद दारामागून कुणीतरी झेरॉक्ससाठी हाक मारली आणि गेले.

डेअरीचे काम त्याने मुद्दाम अखेरीस ठेवले होते. बकरीची ओळ पुसली आणि तिथे काहीच लिहिले नाही. आता फालतू ओळीची गरज उरली नव्हती. चक्कीने सगळे दळले, होते तेवढे आणि तसेच.

संध्याकाळच्या संकलनाआधी तो डेअरीत गेला, प्रोग्राम चढवला, वायर लावली. बोर्ड पेटला. पहिले नाव आले, दूध म्हशीचे, वजन, फॅट. मग बोर्ड कोरा. दुसरे नाव. मग कोरा. भगवंतरावांनी त्याच्याकडे पाहिले आणि पुढचे झाकण उघडले. आसिमला तिथून निघता येईना. काम बरोबर चालले आहे हे पाहायला थांबलो, असे कुणी विचारले असते तर त्याने सांगितले असते. कुणी विचारले नाही.

मग रुखमाबाईंची पाळी आली. सकाळी त्याही रांगेत होत्या. आसिमने पाहिले नव्हते. गावाच्या कडेच्या वस्तीतून त्या एका म्हशीचे दूध रोज पायी आणत. त्यांचे नाव आले, वजन आले, फॅट आली. बोर्ड कोरा झाला. रुखमाबाई रिकामा डबा घेऊन बाजूला झाल्या नाहीत. तशाच मान वर करून पाहत राहिल्या.

“झालं मावशी,” आसिम म्हणाला.

“झालं? मले वाचता येत नाई रे बाप्पा. पण सकाळी तं लय वेळ चालू होतं. कारभाऱ्यानं वाचून दाखवलं मले.” त्यांनी डोळे बारीक केले. “आता काऊन नाई सांगत?”

“ते चुकून आलं होतं.”

“चुकून?” रुखमाबाई त्याच्याकडे वळल्या. “बकरी तं व्याली ना?”

“हाव.”

“पिलं बरी हायत?”

“बरी हायत. पेत हायत.”

“मंग?” त्या म्हणाल्या. “चुकलं काय त्याच्यात?”

 रुखमाबाईंनी पुन्हा मान वर केली आणि अंधारलेल्या बोर्डाकडे पाहत, धीराने, उशीर झालेल्या गाडीची वाट पाहावी तशा उभ्या राहिल्या. भगवंतरावांनी पुढच्या माणसाला हाक मारली नाही. रांगेत कुणी खाकरले नाही, कुणी पुढे सरकले नाही. रुखमाबाईंच्या मागे सकाळी हसलेला तो पोरगा होता. त्याने हातातली भरलेली बादली, थेंबही न सांडू देता, सावकाश जमिनीवर ठेवली आणि तोही बोर्डाकडे पाहू लागला.